‘नदी पात्राबाहेर’ ही बातमी मी आता लिहिणार नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा, पण वाचा. विकास आराखड्यावर हरकती द्यायला आता थोडेच दिवस उरलेत आणि विषय आपल्या सगळ्यांच्या उंबऱ्याचा आहे.

वीसेक वर्षं बातमीदारी करतोय. दर पावसाळ्यात एक बातमी ठरलेली असते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी वाढलं की ‘पंचगंगा पात्राबाहेर’. आयर्विन पुलाजवळ पाणी चढलं की ‘कृष्णा पात्राबाहेर’. हेडिंग तयारच असतं, फक्त फूट आणि इंच बदलायचे. डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं की बातमीतला प्रत्येक शब्द तपासून घ्यायचा. हा एक शब्द मी वीस वर्षांत एकदाही तपासला नाही. ‘पात्राबाहेर’ म्हटलं की अर्थ असा होतो की नदीचं एक ठरलेलं घर आहे आणि ते सोडून ती आमच्या घरात घुसली. गुन्हा तिचा, फिर्यादी आपण.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पालिकेच्या सभागृहात नदीकाठाचं सादरीकरण झालं. मी बातमीसाठी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. पडद्यावर चित्र झकास होतं. काठाने काँक्रीटची उंच भिंत, भिंतीवर जॉगिंग ट्रॅक, दिवे, बाकडी. पात्राचं ‘खोलीकरण आणि सरळीकरण’. आणि भिंतीमागची सगळी मळी ‘पूरमुक्त’ होणार म्हणून आराखड्यात पिवळी, म्हणजे रहिवासी. सल्लागार कंपनीचा तरुण इंजिनिअर शेवटी म्हणाला, “नदीला तिच्या पात्रात ठेवायचं, एवढंच आपलं काम.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

घरी येताना मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. तिचं पात्र म्हणजे नक्की कुठपासून कुठपर्यंत? आणि ते ठरवलं कुणी?

उत्तर शोधायला पुस्तकं चाळली, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या दोन माणसांना गाठलं, आणि मळीत हयात घालवलेल्या म्हाताऱ्यांशी बोललो. तिघांनी वेगवेगळ्या भाषेत एकच गोष्ट सांगितली. ती आधी सांगतो, भांडण नंतर.

पात्र कोण कोरतं?

नदीत तीन तऱ्हेचं पाणी येतं. एक उन्हाळी धार. ती आठ महिने असते, पण अंगात जोर नाही. गाळ हलवायची तिची ताकद नाही, वाळूचे चार कण इकडचे तिकडे करते. दुसरं दरवर्षीच्या पावसाळ्यातलं भरतं पाणी, जे काठाला टेकतं आणि ओसरतं. तिसरा महापूर, २००५ चा, २०१९ चा, २०२१ चा. ताकद अफाट, पण येतो क्वचित.

आपल्याला वाटतं, नदीचं पात्र महापुराने कोरलं असेल. एवढा मोठा पूर, त्याचीच करामत. पण गाळमातीतून वाहणाऱ्या नद्यांचा जगभर अभ्यास झाला, मोजमापं झाली, त्यातून वेगळंच निघालं. पात्राची रुंदी आणि खोली मुख्यतः त्या दुसऱ्या पाण्यावर ठरते. साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा पात्र काठोकाठ भरेल एवढाच नदीचा घडा असतो. कारण हिशेब ताकद आणि वारंवारता या दोन्हींचा आहे. उन्हाळी धार रोज येते पण काम करत नाही. महापूर काम करतो पण रोज येत नाही. मधलं पाणी पुरेसं जोरकस आहे आणि जवळपास दरवर्षी येतं. वर्षानुवर्षांची बेरीज केली की सगळ्यात जास्त गाळ त्यानेच वाहिलेला असतो, काठही त्यानेच तासलेला असतो.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या सभागृहात कुणीच सांगितली नाही. पाणी काठावरून बाहेर पडलं की ते मळीत पसरतं. मग नदीत कितीही जास्तीचं पाणी आलं तरी पात्रातला जोर त्या प्रमाणात वाढत नाही, कारण वाढीव पाणी आडवं जातं. म्हणून महापूर येऊन गेला तरी पात्र महापुराच्या मापाचं होत नाही. होऊ शकत नाही. नदीने महापुरासाठी पात्राची सोय केलेलीच नाही. तिने सोय केलीय ती मळीची.

सोपं करून सांगतो. गावाबाहेरच्या देवळाकडे जाणारी पायवाट बघा. तिची रुंदी रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांनी ठरवलेली असते, दोन माणसं शेजारून जातील एवढी. यात्रेच्या दिवशी हजारो माणसं येतात, ती पायवाटेत मावतात का? दोन्ही बाजूच्या रानातून चालतात. दुसऱ्या दिवशी पायवाट पुन्हा तेवढीच. आता कुणी म्हणालं की पायवाटेच्या दोन्ही कडांना भिंत घाला, म्हणजे यात्रा पायवाटेतच राहील, तर आपण त्याला काय म्हणू?

मळी कुणाची?

मळीत विहीर किंवा बोअर घेतलेल्या कुणालाही विचारा. खाली किती हातांपर्यंत पोयटा लागतो? थरावर थर. तो पोयटा कुठून आला? डोंगरातून नदीने आणला आणि पुराच्या पाण्यातून पसरला. काठावरून बाहेर पडलेल्या पाण्याचा वेग एकदम मंदावतो, म्हणून जड गाळ काठालगतच बसतो आणि बारीक गाळ लांब जातो. त्यामुळे काठ उंच होतो आणि काठामागची जमीन सखल राहते. आपल्याकडे नदीच्या कडेला उभं राहून पाठ फिरवलीत तर जमीन खाली उतरताना दिसते ती त्यामुळेच. तीच सखल जागा पुढे ओत होते. पूर चढताना पाणी काठ ओलांडायच्या आधीच नाल्याच्या तोंडातून मागे शिरतं, ओत भरतो आणि मग वस्तीला पाणी लागतं. “नदी अजून काठाखाली हाय आणि गल्लीत पाणी कसं?” असं २०१९ ला कितीतरी जणांनी मला फोनवर विचारलं. ते असं.

म्हणजे मळी ही नदीशेजारची जमीन नाही. ती नदीने बांधलेली, नदीने वापरायची जमीन आहे. उन्हाळी धार, पावसाळी पात्र आणि महापुराची मळी, हे एकाच घराचे तीन सोपे आहेत. सातबारा आपल्या नावावर आहे हे कबूल. पण सातबारा नदीने वाचलेला नाही.

हे मी वरून बोलत नाही. माझं स्वतःचं घर २०१९ ला आठ दिवस पाण्यात होतं. भिंतीवर साडेचार फुटांवर खूण अजून आहे, रंग दिला तरी ओल तिथंच येते. तो प्लॉट वडिलांनी नव्वदच्या दशकात घेतला, स्वस्तात मिळाला म्हणून. जुनी माणसं त्याला ‘ओतातला प्लॉट’ म्हणायची. नावातच सगळं होतं. आम्ही भराव टाकला, दोन पायऱ्या जास्त केल्या आणि नाव विसरलो. शेजाऱ्याने आमच्यापेक्षा उंच भराव टाकला. त्याच्या शेजाऱ्याने त्याच्यापेक्षा. आज तो ओत शोधायचा म्हटलं तर गटारीच्या उतारावरूनच कळतो.

आपले पूर्वज अडाणी नव्हते. नृसिंहवाडीचं बघा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, अगदी काठाला दत्ताचं देऊळ. पाणी चढलं की ते उत्तर दाराने आत येतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिण दाराने बाहेर पडतं. त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि स्नानाला गर्दी करतो. पाणी अजून वाढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. देवाने नदीला वाट दिली, अडवलं नाही. देवळाला दोन दारं आहेत. आपल्या नव्या कॉलन्यांना पाणी आत यायला दहा वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही.

गाळ काढा, गाळ काढा

आता खोलीकरणाकडे येतो. हा मुद्दा लोकप्रिय आहे, त्यामुळे शिव्या पडतील. पडू देत.

“नदीत गाळ साचलाय म्हणून पूर येतो, गाळ काढला की प्रश्न मिटला.” प्रत्येक पक्षाचा माणूस हे बोलतो, कारण ते बोलायला सोपं आहे आणि त्यात पोकलेनचं भाडं आहे. नदीने आपलं माप स्वतः ठरवलंय. तिचा उतार तोच, येणारं पाणी तेच, येणारा गाळ तोच, तर तुम्ही खणलेला खड्डा ती पुढच्या पावसाळ्यात भरायला लागते. नाही भरला तर जास्त वाईट. खड्ड्याच्या वरच्या बाजूने तळ खचत मागे जातो, काठाचा पाया सुटतो, दरडी कोसळतात, पुलाचे खांब उघडे पडतात. बेसुमार वाळूउपशाने हे सगळं आपण बघितलंय. काठाची जमीन नदीत गेलेले शेतकरी या पोस्टच्या वाचकांत आहेत.

साधं गणित करू. आकडे समजुतीसाठी घेतोय. समजा पात्र १५० मीटर रुंद आहे. ते सगळं एक मीटर खोल खणलं. पाण्याला वाढीव वाट मिळाली १५० चौरस मीटर. आता महापुरात मळीवर दोन मीटर पाणी आहे आणि पाण्याचा पट्टा दोन किलोमीटर रुंद आहे. तो छेद झाला ४,००० चौरस मीटर. कुणी जाणकार म्हणेल, मळीवरचं पाणी संथ असतं, सरळ तुलना करू नका. बरोबर आहे. दहापट सूट देतो. तरी ४०० विरुद्ध १५० उरतात. आणि हे सगळं कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या मधे. बंधाऱ्याच्या पातळीच्या खाली जे खणाल त्यात आधीच पाणी उभं असणार. भरलेल्या बादलीचा बूड खोल करून वरून येणाऱ्या नळाला काय फरक पडतो?

चिपळूणचं उदाहरण मला दोघांनी दिलं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तिथल्या लोकांनी आंदोलन केलं आणि वाशिष्ठी, शिवनदीतला गाळ काढायला लावला. त्यांच्या लढ्याला सलाम. पण वाशिष्ठी सह्याद्रीतून काही तासांत खाली उतरते आणि पुढे खाडीच्या भरतीला भिडते. आपली कृष्णा सपाटीवर वळणं घेत रेंगाळत जाते. नद्या वेगळ्या, औषध वेगळं. पुणे विद्यापीठातले प्रा. विश्वास काळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी नर्मदा-तापीवर काम केलंय. तिथं खडकातून जाणाऱ्या टप्प्यात मोठे दगड हलवायची ताकद फक्त प्रचंड पुरात असते, म्हणून तिथलं पात्र महापूरच घडवतो. म्हणजे एकच नियम सगळीकडे चालत नाही. पण आपल्याकडचा काठ खडकाचा नाही, पोयट्याचा आहे. आपल्या नदीचा अभ्यास करा, मग निविदा काढा. आपल्याकडे उलटं चाललंय.

गाळ अजिबात काढू नका असं मी म्हणत नाही. पुलाच्या कमानीत अडकलेला राडारोडा, नाल्यांच्या तोंडाशी टाकलेली बांधकामाची डबर, जुन्या पुलांचे पडीक खांब, ओतात टाकलेला भराव, हे काढा की! त्याला मशिनरी कमी लागते आणि फोटो चांगला येत नाही, म्हणून ते होत नाही.

भिंत कुणाला वाचवणार?

भिंत घातली की पाणी मळीत पसरणार नाही. मग ते कुठं जाणार? वर चढणार आणि जोराने वाहणार. वर चढलेलं पाणी पलीकडच्या काठाला आणि वरच्या अंगाच्या गावांना लागणार. जोर वाढलेलं पाणी भिंतीचाच पाया खाणार. पलीकडचं गाव काय करेल? तेही भिंत मागेल. मग दोन्ही भिंतींच्या मधे नदी नाही, पाइप होईल.

दुसरं. भिंतीच्या आतल्या बाजूला पडलेला पाऊस कुठून बाहेर जाणार? नदी भरलेली, नाल्याचं दार बंद. गावचं पाणी गावातच साचणार. मग पंप बसवा, पंपाला जनरेटर, जनरेटरला डिझेल. पुरात पहिली जाते ती वीज, हे मी सांगायला नको.

तिसरं सगळ्यात धोक्याचं. भिंत बघून माणूस निर्धास्त होतो. मागच्या मळीत प्लॉट पडतात, बंगले होतात, शाळा येते. ज्या दिवशी पाणी भिंतीवरून जाईल किंवा भिंत फुटेल, त्या दिवशी आज बुडतो त्याच्या कितीतरी पट संसार बुडेल, आणि तोही तासाभरात. आज पाणी हळूहळू चढतं, म्हणून म्हातारी माणसं आणि जनावरं तरी बाहेर काढता येतात.

महामार्गाचा भराव आठवा. शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग २०१९ ला कित्येक दिवस बंद होता, २०२१ ला पुन्हा. नदीच्या मळीत आडवा भराव घालायचा आणि मधे पुलापुरतीच वाट ठेवायची, म्हणजे नदीच्या तीन सोप्यांपैकी मोठ्या सोप्याचं दार बुजवायचं. भरावाऐवजी खांबांवर रस्ता न्या म्हणून लोक कंठशोष करतायत. मागणी रास्त आहे. पण तीच माणसं पालिकेच्या भिंतीला टाळ्या वाजवतात तेव्हा मला कळेनासं होतं. भराव आडवा असला काय नि भिंत उभी असली काय, चोरी मळीचीच.

अलमट्टी आणि आपण

“हे सगळं अलमट्टीमुळे, त्यावर लिहा.” लिहितो. अलमट्टीच्या उंचीचा प्रश्न खरा आहे, ती वाढवायला महाराष्ट्राने विरोध केलाच पाहिजे, धरणातल्या विसर्गाचा तासातासाला मेळ दोन्ही राज्यांनी घातलाच पाहिजे. वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला, २०१९ च्या पुराला अलमट्टी कारण नाही असा तिचा निष्कर्ष होता. तो आपल्याकडे अनेकांना मान्य नाही आणि वाद चालू आहे. चालू दे. पण अलमट्टीकडे बोट दाखवताना उरलेल्या हाताने आपण ओतात मुरूम टाकतोय. त्याचा जाब बेळगावकडे मागायचा का विजापूरकडे?

धरणांचा एक परिणाम मात्र कुणी बोलत नाही. वर सांगितलं की पात्र राखतं ते दरवर्षीचं मधलं पाणी. आपण धरणं बांधली आणि नेमकं तेच अडवलं. जून-जुलैचे छोटे-मोठे लोंढे धरण भरण्यात जातात. एकट्या कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायची तरतूद आहे. उरलेलं बंधाऱ्यांत तुंबतं. बंधाऱ्याचे बरगे वेळेवर काढले नाहीत की गाळ तिथंच बसतो. पात्र धुऊन काढणारं पाणीच कमी झालं की काठाकडून झुडपं, गवत, बेटं आत सरकतात आणि पात्र आकसतं. मग धरण भरल्यावर ऑगस्टमध्ये एकदम सोडावं लागतं, वरून पाऊस असतो, आणि महापूर पूर्वीसारखाच किंवा जास्त येतो. म्हणजे नदीला पात्र राखायला लागणारं पाणी आपण घेतलं आणि पूर तेवढा तिच्यावर ठेवला. खोलीकरणाची भाषा करणाऱ्यांनी आधी बरग्यांची आणि विसर्गाच्या वेळापत्रकाची भाषा करावी.

निळी रेघ, लाल रेघ आणि तुमचं गृहकर्ज

सरकारी नियमात निळी पूररेषा आहे आणि लाल आहे. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीच्या पात्रात मावतं त्याच्या दीडपट पाणी, यातलं जे जास्त ते. लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा. निळीच्या आत नवं बांधकाम नको, निळी आणि लालमध्ये अटी घालून. गंमत बघा, पात्रात मावतं त्याहून जास्त पाणी येणारच आहे, हे सरकारचा नियमच धरून चालतो. मग नदीला ‘पात्रात ठेवणार’ म्हणणारं सादरीकरण कुठल्या नियमात बसतं?

२५ वर्षांतून एकदा हे ऐकून प्लॉटवाला म्हणतो, “साहेब, तोवर आपलं कर्जसुद्धा फिटंल.” याचंही गणित करा. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी शंभरात चार शक्यता. वीस वर्षांचं कर्ज असेल तर त्या मुदतीत निदान एकदा घर बुडण्याची शक्यता ५६ टक्के. निम्म्याहून जास्त. १०० वर्षांच्या लाल रेघेवरही वीस वर्षांत १८ टक्के, म्हणजे पाच-सहा घरांत एक. आणि ही गणितं जुन्या पावसाच्या नोंदींवर. आपण तर २००५ ते २०२१ या सोळा वर्षांत तीन महापूर बघितले. राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. आयर्विनला धोका ४५ फुटांवर, २०१९ ला ५७ च्या वर. बारा-बारा फुटांचा फरक आहे हा. हा फरक पोकलेन काढणार?

मग गाव उठवायचं का?

हा प्रश्न येणारच. नाही, गाव उठवायचं नाही. निळ्या रेघेच्या आत जे आहेत त्यांच्यात दोन तऱ्हेची माणसं आहेत. कुंभार, मासेमारी करणारे, हातावर पोट असलेले, ज्यांना दुसरीकडे जागा परवडली नाही किंवा ज्यांचा धंदाच नदीचा आहे. आणि दुसरे, ज्यांनी सगळं माहीत असून प्लॉट पाडले आणि विकून मोकळे झाले. पहिल्यांना सन्मानाने पक्की पर्यायी जागा द्या. दुसऱ्यांना नवा आराखडा देऊन बक्षीस देऊ नका. सध्याच्या प्रस्तावात पहिल्यांची वस्ती ‘अतिक्रमण’ आहे आणि दुसऱ्यांची मळी ‘पूरमुक्त विकासक्षेत्र’.

माझ्या हरकतीत मी हे मागणार आहे:

१. पूररेषेचे दगड जमिनीवर रोवा. नकाशातली रेघ कुणाला दिसत नाही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी निळा आणि लाल पट्टा रंगवा.

२. मळीत आणि ओतात नवा भराव पूर्ण बंद. जुने ओत आणि नाले सातबारा, जुने नकाशे आणि म्हाताऱ्यांच्या साक्षीवरून शोधा आणि मोकळे करा.

३. खोलीकरणाची निविदा काढण्याआधी नदीचे आडवे छेद मोजा, ते पालिकेच्या फलकावर लावा. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. किती खणलं, किती परत भरलं, लोकांना कळू दे.

४. मळी पिवळी करू नका. ती शेतीच राहू दे. ऊस दोन-तीन दिवसांचं पाणी सोसतो, शेंडा बुडाला की जातो, हे आपल्याला माहीत आहे. मळीतल्या शेतकऱ्याचं पीक नदीचं पाणी साठवून शहर वाचवतं. त्याची भरपाई उपकार म्हणून नको, भाडं म्हणून द्या.

५. भिंतीच्या पैशातून उंचावर निवारा, जनावरांची छावणी आणि प्रत्येक वस्तीला बोट. ब्रह्मनाळची बोट उलटली तेव्हा गेलेल्या माणसांची नावं मी हाताने लिहिलीत. तेव्हापासून ‘पूरसंरक्षण’ हा शब्द मला काँक्रीटमध्ये ऐकवत नाही.

मला माहीत आहे, यावर म्हणणार की “हा विकासाच्या आड येतो, याचं स्वतःचं घर तर ओतात आहे.” हो, आहे. माझा प्लॉट पिवळ्या पट्ट्यात आला तर उद्या त्याचा भाव वाढेल, हे मलाही कळतं. भिंतीचा सगळ्यात मोठा लाभार्थी मीच आहे. तरीही हरकत देतोय, कारण माझ्यानंतर जो तो प्लॉट घेईल त्याला साडेचार फुटांवरची खूण कुणी दाखवणार नाही.

मळीतल्या एका आजोबांना मी विचारलं, तुमच्या लहानपणी पूर आला की काय म्हणायचे? ते म्हणाले, “पात्राबाहेर बिहेर कोण म्हणत न्हवतं बाबा. पाणी मळीत आलं, म्हणायचो. मग ओतात शिरलं. मग पारापाशी आलं. पार भिजला की गुरं सोडायची.” चार वाक्यांत पूर्ण पूरनियंत्रण कक्ष. त्यांच्या लेखी नदी कधी घराबाहेर पडलीच नव्हती, ती आपल्याच घरात एका सोप्यातून दुसऱ्यात जात होती.

यंदा पाणी चढलं की मी बातमी लिहीन ती त्यांच्या भाषेत: ‘कृष्णेचं पाणी मळीत’. डेस्कवाले बदलतील, भांडेन.

तुम्ही एक करा. घराच्या भिंतीवर २००५, २०१९ किंवा २०२१ ची पाण्याची खूण असेल तर टेप लावून फोटो काढा, जागा आणि उंची लिहा, आणि हरकतीच्या अर्जाला जोडा. अर्ज साध्या कागदावर चालतो, पोच घ्यायला विसरू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे या, मी लिहून देतो. घर सापडत नसेल तर कुणालाही विचारा, ओतातला प्लॉट म्हणून.